गुडघा, कानडी आणि निवेदिता

निवेदितानं विरेशचा गुडघा आधी आतून पाहिला, चेहरा नंतर. प्रेमाच्या गोष्टीत पहिली नजर डोळ्यांवर पडावी, निदान केसांवर तरी, असा रिवाज आहे. पण तिच्या वाट्याला आधी गुडघा आला, त्याला ती बिचारी काय करणार?

डॉ. अवधूत यांची एक शिस्त होती. ज्या पेशंटचा गुडघा पुढं फिजिओथेरपीसाठी निवेदिताच्या हाती द्यायचा, त्याचं ऑपरेशन तिनं थिएटरमध्ये उभं राहून बघायचं. "आत काय कसं बांधलंय ते एकदा डोळ्यांनी पाहिलं, की बाहेरून किती वाकवायचं ते हातांना आपोआप कळतं," असं ते म्हणत. म्हणून सप्टेंबरातल्या त्या सकाळी हिरवा गाऊन, टोपी आणि मास्क चढवून ती टेबलाच्या उशाकडे उभी होती. पडद्यावर गुडघ्याच्या आतलं जग उजळलं होतं. पांढरं, गुळगुळीत, पाण्याखालचं. कॅमेरा फिरेल तसं ते संथपणे सरकत होतं, आणि निवेदिताला नेहमीसारखंच वाटलं की आपण कुठल्याशा तळ्याच्या तळाशी अलगद उतरलो आहोत.

पेशंट जागा होता. पाठीत इंजेक्शन दिल्यामुळं कमरेखाली बधिर आणि वर थोडी गुंगी.

"हे बघा विरेश," डॉक्टर पडद्याकडे बोट करून म्हणाले, "तुमचं लिगामेंट तुटलेलं नाही. ते जिथं हाडाला धरून असतं, तिथला हाडाचा टवकाच उपटून आलाय. हा बघा, डब्याच्या झाकणासारखा उचललेला. आता तो मूळ जागी बसवायचा. लिगामेंटच्या बुडातून दोरे ओवायचे, नडगीच्या हाडाला बारीक भोकं पाडून त्यातून ते पुढं काढायचे आणि घट्ट गाठ मारायची. सगळं या दोन छोट्या छिद्रांतून. मोठी चिरफाड नाही."

"भाकरी वाचल्या की पण," पेशंट गुंगीतच म्हणाला.

सगळं थिएटर हसलं. त्याची कथा एव्हाना हॉस्पिटलभर झाली होती. विजापूर रोडला त्याची मोटरसायकल खडीवरून घसरली, तेव्हा मागं कडक भाकरींचं पोतं बांधलेलं होतं. त्याच्या आईचा तोच धंदा होता. बाजरीच्या, पापडासारख्या पातळ भाकरी, आपटल्या तर नुसता चुरा. शहाण्या माणसानं गाडी सोडून बाजूला उडी मारली असती. यानं एक पाय रस्त्यात रोवला आणि अख्खी गाडी पेलून धरली. एक भाकरी मोडली नाही. गुडघा मात्र जाग्यावर फिरला.

हसण्याचा आवाज ऐकून त्यानं मान कलती केली, आणि मास्क-टोपीच्या मधे उरलेले निवेदिताचे डोळे त्याला दिसले. तो बघतच राहिला. मग स्वप्नात असल्यासारखा, अगदी सावकाश म्हणाला, "कण्णु भाळ छंद अदाव..."

"काय म्हणतोय हा?" भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. कानडीत बरळतोय," कुणीतरी म्हणालं.

तो बरळत नव्हता. डोळे फार सुंदर आहेत, असं तो म्हणत होता. त्यापुढं, हे डोळे रोज बघायला मिळणार असतील तर दुसरा गुडघाही देऊन टाकतो, असंही त्यानं कानडीतच जाहीर केलं आणि समाधानानं डोळे मिटले. निवेदिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मास्कच्या आत तिला हसू आलं आणि ते कुणाला दिसलं नाही, हे एक बरं झालं.

तिला कानडी येतं हे त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. तिचे वडील एकनाथ गुरुजी अक्कलकोटच्या पलीकडं, सीमेलगतच्या एका गावात मराठी शाळेवर होते. शेजारी गंगम्मा राहायची. तिच्या चुलीपुढं बसून निवेदिता पाढ्यांच्या आधी कानडी शिकली. पुढं गुरुजींनी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, गंगम्मा देवाघरी गेली, आणि ती भाषा निवेदिताच्या पोटात नुसती राहून गेली. बोलायला समोर कुणी नव्हतं. आणि निवेदिता नावाच्या, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या मुलीला कानडी येतं का, असं कोण कशाला विचारील?

*

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली, तेव्हा विरेश पाय लांब करून, मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस बांधून बसला होता. उंचापुरा, सावळा, रुंद खांद्यांचा. उशाशी त्याची आई ईरम्मा बसली होती, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेली.

"काल थेटरात मास्कवाल्या मॅडम होत्या... त्या तुमीच का ओ?" त्यानं विचारलं.

"तिथं सगळेच मास्कवाले होते."

"सगळ्यांकडं कोण बगतंय," तो पुटपुटला, आणि लगेच शहाण्या मुलासारखा मान खाली घालून बसला. मग आईकडं वळून कानडीत म्हणाला, "अव्वा, हीच ती."

ईरम्मानं निवेदिताला आपादमस्तक न्याहाळलं आणि तोंड अगदी गंभीर ठेवून कानडीत मत दिलं. पोरगी काडीसारखी आहे, जेवत नाही वाटतं. पण हात बघ कसे लावते पायाला, दुधावरची साय काढावी तसे.

"काय म्हणतायत आई?" निवेदितानं विचारलं.

"म्हणाल्या... पाय बरा होईल न्हवं?" विरेशनं ठोकून दिलं.

तिथल्या तिथं एक वाक्य बोललं असतं तर विषय संपला असता. निवेदिताच्या ओठांवर ते आलंही होतं. पण खरं सांगा, तोंडावर आपलं कौतुक चाललंय, बोलणाऱ्याला वाटतंय आपल्याला काही कळत नाही — अशा वेळी कोणती मुलगी "थांबा, मला कळतंय" म्हणून सांगेल? निवेदिता म्हणाली, "होईल की. मांडीचा स्नायू आवळा. आवळून धरा... सोडा." आणि वाक्य गिळून टाकलं. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. तो उद्या काही लवकर उजाडला नाही.

कुबड्या घेऊन तो फिजिओथेरपीला येऊ लागला. आणि निवेदिताच्या लक्षात आलं की विरेश एक नाही, दोन आहेत. मराठीतला विरेश आज्ञाधारक होता. "होय मॅडम, नाही मॅडम, दुखालंय की ओ मॅडम," याच्यापुढं त्याची गाडी जायची नाही. कानडीतला विरेश मात्र भलताच बिलंदर. आईला तो सांगायचा, बघ अव्वा, आज निळा ड्रेस घातलाय, निळ्यात ती आभाळ उतरल्यासारखी दिसते. आज रागावल्यासारखी दिसते, घरी कुणी बोललं असेल का? आज केस मोकळे आहेत, आता माझा गुडघा काय वाकतोय.

"सुम्मनिरु," ईरम्मा दटावायची. गप्प बस.

"टाच ओढा," निवेदिता म्हणायची. "अजून. लक्ष कुठं आहे तुमचं?"

"गुडघ्यातच हाय की ओ."

"गुडघा खाली आहे. तुम्ही वर बघताय."

"मान आखडलीय. तिचं बी कायतरी बगा की."

"मानेचं ऑपरेशन वेगळं असतं. करू या का?"

तो हसायचा. हसला की त्याचे डोळे बारीक व्हायचे आणि निवेदिताला उगाच खिडकीबाहेर बघावंसं वाटायचं. घरी जाताना, स्कूटीवर, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली की तिला त्या दिवसाची कानडी वाक्यं एकेक आठवायची. सिग्नल सुटायचा, मागचे हॉर्न वाजवायचे. या सगळ्यात एक टोचणी होती. दुसऱ्याच्या मनात त्याला न विचारता शिरून बसणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण जितकं ऐकत गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं. आणि मुख्य म्हणजे, सांगितलं की तो कानडीतला विरेश गप्प होईल, याची तिला धास्ती वाटू लागली होती.

*

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला. दुपार असूनही दिवे लावावे लागले. ईरम्मा दुकानावर होती, बाकीचे पेशंट आलेच नाहीत, आणि बाळाबाई मावशी दोघांना चहा देऊन दाराशी स्टूल टाकून डुलक्या काढत बसल्या होत्या. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. विरेशचा व्यायाम केव्हाच संपला होता. पण इतक्या पावसात कुबड्या घेऊन कोण रिक्षा शोधणार? निवेदिताचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. सूज बघायला ठेवला होता, तो तिथंच राहिला होता.

"मॅडम, ह्यो गुडघा जानेवारीपर्यंत पक्का व्हायला पायजे," तो म्हणाला.

"जानेवारीत काय आहे?"

"गड्डा की. सिद्धरामेश्वराची यात्रा. मी नंदीध्वज पेलतो." त्याचा आवाजच बदलला. "तुमी लांबनं बगितला असंल. कमरेला पट्टा बांधायचा, त्यात ध्वजाचं बूड बसवायचं. आभाळाएवढी काठी, वरनं सजावट, वारा आला की डोलाय लागते. सगळा भार कमरेत येतो, कमरेतनं गुडघ्यात. पायानं तोलायचं, पर नजर मातर वर, टोकावर. खाली बगितलं की गेला तोल."

"भीती नाही वाटत?"

"वाटती. पर ती जागा माझ्या वडलांची हाय. ते गेले आन् गुरुबसप्पा काकांनी, ध्वजाचं समदं तेच बगत्यात, माज्या कमरेला पट्टा बांधला. पहिल्या वर्षी ध्वज उचलला नी... काय सांगू मॅडम, वडील पाठीमागं उभारल्यागत वाटलं." तो थांबला. "आमच्यात लई पोरं तयार असत्यात. एकदा जागा सोडली की परत कवा मिळंल, सांगता येत न्हाय."

निवेदिताच्या डोळ्यांपुढं पडद्यावरचा तो टवका आला. केवढासा होता... आणि त्यावर हा केवढा भार तोलायची गोष्ट करतोय. तिच्या नकळत तिचा हात गुडघ्यावर जरासा घट्ट झाला.

विरेशनं त्या हाताकडं पाहिलं. मग तिच्याकडं. मराठीत काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं, "मॅडम... मी..." आणि मिटलं. बाहेर वीज चमकली. त्यानं नजर खिडकीकडं वळवली आणि अगदी हलक्या आवाजात, काचेला सांगितल्यासारखं, तो कानडीत म्हणाला — हा हात असाच धरून म्हातारं व्हावं वाटतं.



"काय म्हणालात?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला केवढे कष्ट पडले.

"म्हणलं... पाऊस थांबंल आता."

"नाही थांबणार," ती म्हणाली. "आज नाही थांबणार." आणि हात तिथंच राहू दिला. पावसाला कुठं जायची घाई होती, आणि त्या दोघांना तरी. बाळाबाईंना जाग आली तेव्हा चहाचे कप तसेच भरलेले होते, साय धरलेले.

*

डिसेंबरात एक्स-रे निघाला. डॉ. अवधूतांनी तो उजेडात धरून मन लावून पाहिला. "झकास. टवका जागेवर बसलाय, हाड सांधलंय. चाला, जिने चढा, गाडी चालवा." मग एक्स-रे खाली ठेवला. "पण वजन उचलणं, पायावर गिरकी घेणं, हे उन्हाळ्यापर्यंत नाही. यंदा नंदीध्वज नाही, विरेश. पुढच्या वर्षी मीच बघायला येतो."

"होय सर," मराठीतला विरेश म्हणाला.

तासाभरानं तो निवेदितापुढं पाय लांब करून बसला होता. आज ईरम्माबरोबर गुरुबसप्पा काकाही आले होते. पांढरं धोतर, भरघोस मिशा, हातात काठी. काका बसले आणि निवेदिताच्या डोक्यावरून कानडीत बोलणं सुरू झालं, जणू ती खोलीतली खुर्ची होती.

काकांनी आडपडदा ठेवला नाही. सराव सुरू झालाय, जागा रिकामी ठेवता येत नाही. आज काय ते सांग. तुझ्याच्यानं होणार नसेल तर तुझ्या चुलतभावाला, शिवूला पट्टा बांधतो.

"होणार," विरेश म्हणाला. "गुडघ्याला पट्टी आवळून बांधतो, धोतराखाली कोण बघतंय. उद्या सकाळपासून सरावाला येतो. डॉक्टरगे हेळबेड." डॉक्टरला सांगू नका.

ईरम्मानं कपाळाला हात लावला. "आणि ही? हिच्या हाताला कळल्याशिवाय राहील का?"

"हिला तर मुळीच सांगायचं नाही, अव्वा. हिनं एकदा माझ्याकडं बघून विचारलं, तर मला खोटं बोलता यायचं नाही. म्हणून तर कानडीत बोलतोय."

निवेदिताचा हात त्याच्या गुडघ्यावरच होता. हाताखाली गुडघा उबदार होता, शांत होता, भरवशानं पडून होता. गप्प बसलं तर काहीच बिघडत नव्हतं. उद्याही तो येणार होता, कानडीतला विरेश कानडीत बोलत राहणार होता, आणि ती ऐकत राहणार होती... थेट तो गुडघा पुन्हा मोडेपर्यंत. बोललं, तर हे सगळं आत्ता, या क्षणी संपणार होतं. ती सप्टेंबरपासून काय काय ऐकत आलीये, हे त्याला कळणार होतं. निवेदिताला रडू येईलसं वाटलं. पण ती रडली नाही.

"नंगूं कन्नड बर्तद," ती म्हणाली.

मलाही कानडी येतं. ईरम्माचा हात कपाळावरच राहिला.

मग निवेदिता बोलत सुटली. गंगम्माच्या चुलीपुढची ती ठसकेबाज कानडी इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडली. "काका, मी याचा गुडघा आतून पाहिलाय. हाड सांधलंय, पण अजून कोवळं आहे. नुसतं चालण्यानं काही होत नाही. पण ध्वज डोलला की हा पाय रोवून गुडघा फिरवणार, ज्यानं पहिल्यांदा मोडला तेच करणार. परत उपटलं तर पुन्हा बांधायला तिथं धड हाड उरायचं नाही. आणि गुडघा गेला तर हा एकटा पडणार नाही. ध्वज पडेल, भरल्या गर्दीत. खाली बायका-पोरं असतात."

ध्वज पडेल, हे शब्द ऐकताच गुरुबसप्पांनी कानांना हात लावले. ते उठले, विरेशच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि बाहेर गेले. त्यांचा निर्णय झाला होता.

विरेश निवेदिताकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

"कवापासनं?" त्यानं मराठीत विचारलं.

"थिएटरपासून."

"...पावसात?"

"हो."

तो उठला. चप्पल पायात सरकवली, एकदा चुकीच्या पायात, मग बरोबर. "लई हसला असचाल," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या वडलांची जागा त्याच्या हातून गेली होती आणि ज्या मुलीला मनातलं कळू नये म्हणून एवढा आटापिटा केला, तिला सगळं कळलेलं होतं. एकाच दुपारी माणसाचं यापेक्षा वाईट काय व्हावं? ईरम्मा दारात घुटमळली, वळून निवेदिताकडं पाहिलं, आणि मुलाच्या मागून गेली.

*

तो परत आला नाही. त्याच्या वेळेला दार वाजलं की निवेदिता मान वर करायची, आणि दुसराच कुणीतरी पाय ओढत आत यायचा. अखेर ती डॉ. अवधूतांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, विरेशना दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे द्या. ते येत नाहीयेत, ते माझ्यामुळं. आणि आले तरी... मला त्यांच्याकडे पेशंट म्हणून बघता येत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "गुडघा मी नीट बांधला होता," ते म्हणाले. "बाकीची बांधाबांध माझ्या हातात नाही, बाई. ऋतुजाकडे देतो त्याला, तीच फोन करील."

जानेवारीत, गड्ड्यात सिद्धरामेश्वरांचं लग्न लागतं त्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी, निवेदिता एकटीच देवळाकडं निघाली. विरेशनं कुणाचं ऐकलंय की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. हट्टी माणूस, एका पोत्यासाठी पाय मोडून घेणारा. वडलांच्या जागेसाठी काय करील त्याचा काय भरवसा? रस्ते माणसांनी ओसंडत होते. पांढऱ्याशुभ्र बाराबंद्यांची नुसती गर्दी, सनईचे सूर, फुलांचा वास, थंडीतलं कोवळं ऊन. सगळं शहर कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं, आणि खरंच तसं ते निघालंही होतं.

त्या लग्नाची मंगलाष्टकं, म्हणजे संमती, जिथून वाचतात त्या संमती कट्ट्याजवळ तिला कशीबशी उभं राहायला जागा मिळाली. लांबून नंदीध्वज येताना दिसले. गर्दीच्या वर, आभाळात, सजलेले, संथ डोलणारे. सगळे वर बघत होते. ती एकटी खाली, पेलणाऱ्यांच्या पायांकडं बघत होती. एक ध्वज गेला. दुसरा गेला. मग काठी टेकत चाललेले गुरुबसप्पा दिसले, आणि त्यांच्या मागं, पट्ट्यात ध्वज तोलत, नजर टोकावर लावून चाललेला तरुण... तो विरेश नव्हता. कुणी अंगानं बारीक मुलगा होता. शिवूच असणार.

निवेदिता मान उंचावून मागच्या रांगा शोधू लागली.

"कुणाला बगालाय ओ?"

ती वळली. विरेश तिच्या शेजारी उभा होता. पांढरी बाराबंदी, कपाळाला विभूती, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. अगदी शिकवला होता तसा.

"गुडघा बघत होते," ती म्हणाली.

"गुडघा हितं हाय. वापरला न्हाय."

तिला हसायचं होतं, पण डोळेच भरून आले. तो समोर बघत राहिला. शिवूचा ध्वज पुढं सरकत होता.

"पहाटं मीच बांधला त्याला पट्टा," विरेश म्हणाला. "त्याला म्हणलं, नजर वर ठेव, खालचं आमी बगतो. काका म्हणाले, गुडघा धड झाला तर पुढच्या साली बगू. बगू म्हणाले. देतो न्हाय म्हणाले. लई लागलं मनाला. खोटं कशाला बोलू."

"माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं गुडघा ऱ्हायला. राग आलता मला. तुमचा न्हवं, माजा. एवढं सगळं बोललो, आन् तुमी आपलं... टाच ओढा, टाच ओढा."

"हसले नाही मी. एकदाही नाही." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही तरी कधी मराठीत बोललात?"

"मराठीत धीर हुत न्हवता. मराठीत तुमी मॅडम होता की ओ."

"आता नाहीये. तुम्हाला ऋतुजाकडे दिलंय मी."

"फोन आलता त्यांचा. मग... आता मी तुमचा पेशंट न्हाय?"

"नाही."

"मग कोण?"

सनई थांबली होती. गर्दी हळूहळू शांत होत चालली. कट्ट्यावर संमती वाचायला सुरुवात होणार होती. विरेशनं बाराबंदीच्या खिशातून मूठभर अक्षता काढल्या आणि तळहातावर घेऊन त्यांच्याकडं बघत राहिला.

"ध्वज धरला की हात मोकळे नसत्यात," तो म्हणाला. "सगळं गाव टाकतंय, आमी निस्तं उभारतो. आज पहिल्यांदा माज्या हातात आल्यात." त्यानं त्यातल्या अर्ध्या निवेदिताच्या ओंजळीत ओतल्या. मग खोल श्वास घेतला, ध्वज उचलण्याआधी घेत असेल तसा.

"मला तुमी आवडता. लई आवडता. हे मराठीत सांगालोय. हितं समद्यांना कळालंय."

कळलंच होतं. पुढच्या दोन बायका मागं वळून बघत होत्या. एका आजोबांनी कानामागं हात धरला होता. निवेदिताचा चेहरा लालबुंद झाला, आणि तिला वाटलं, हे सगळं स्वप्नात चाललंय. हे ऊन, हे पांढरे कपडे, हा शेजारी उभा असलेला, घाबरलेला, उंचच्या उंच माणूस.

संमती सुरू झाली. हजारो माणसं एका श्वासानं ऐकत होती. शेवटचा शब्द झाला आणि एकदम चहूकडून अक्षता उडाल्या. आभाळ क्षणभर दाण्यांनी भरून गेलं. विरेशनं आपली मूठ ध्वजाकडं, शिवू उभा होता त्या दिशेनं, जोरात उधळली. सगळ्यांनी तिकडंच उधळल्या.

निवेदितानं मात्र टाचा उंचावल्या, आणि आपली ओंजळ सावकाश विरेशच्या डोक्यावर उघडली.

दाणे त्याच्या केसांतून, खांद्यांवरून घरंगळले. तो हलला नाही. हलला तर काहीतरी सांडेल अशा बेतानं उभा राहिला. मागून बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ईरम्मा आली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"इन्नेन उळीतु?" ती म्हणाली. आता राहिलंच काय?

"आमच्या बाबांना विचारायचं राहिलंय," निवेदिता कानडीत म्हणाली.

ईरम्मानं पदर खोचला आणि गुरुजींचं घर जुळे सोलापुरात नेमकं कुठं येतं, ते विचारून घेतलं.